साध्य कीं असाध्य ? : रक्तांतील एका साक्षीदाराची कथा

इ. स. १९९२ च्या ऑगस्टपासून लातूर जिल्ह्यांतील किल्लारी गांवाच्या परिसरांत जमीन अधूनमधून थरथरूं लागली. त्या वर्षीं १८ ऑक्टोबरला बसलेला धक्का त्यांतला मोठा होता. पुढें कंप ओसरला, आणि भयही ओसरलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गांव गाढ झोपेंत असतां, चार वाजण्यास कांहीं मिनिटें उरलीं असतांना ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वजनदार माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. औसा व उमरगा या दोन तालुक्यांना सर्वांत मोठा तडाखा बसला. हजारों माणसें गेलीं. आदल्या वर्षींच्या लहान धक्क्यांचा या आपत्तीशीं असलेला संबंध भूशास्त्रज्ञांना मागाहून जोडतां आला. धक्के सर्वांनाच जाणवले होते. त्यांचा अर्थ मात्र त्या वेळीं कोणासही लागला नव्हता.

खूण दिसणें ही एक गोष्ट, तिचा अर्थ कळणें ही दुसरी, आणि अर्थ कळल्यावर जीव वाचवितां येणें ही तिसरी. या तीन पायऱ्या एकच आहेत असें मानण्याची चूक माणसाकडून वारंवार होते. वैद्यकाच्या इतिहासांत तिचें ठळक उदाहरण पाहावयाचें, तर स्त्रियांच्या अंडाशयाच्या कर्करोगाचें आणि त्या रोगाची रक्तांत सांपडलेली खूण म्हणून प्रसिद्ध झालेल्या एका प्रथिनाचें पाहावें.

रोग ओळखण्याइतकेंच त्याचें पुढें काय होणार हें जाणण्याचें महत्त्व आपल्याकडील प्राचीन वैद्यांनीं ओळखलें होतें. चरकसंहितेंत रोगांचे साध्य आणि असाध्य असे भाग केले आहेत. साध्यांपैकीं कांहीं सुखानें बरे होणारे, कांहीं कष्टानें. असाध्यांतही दोन जाती आहेत : एक सर्वस्वी हाताबाहेर गेलेला, आणि दुसरा याप्य, म्हणजे उपचार चालू आहेत तोंवर आटोक्यांत राहणारा. याप्य रोग्याला सुश्रुतानें पडूं पाहणाऱ्या घराची उपमा दिली आहे. योग्य जागीं टेकू दिला, तर तें घर उभें राहतें. प्रथम साध्यासाध्यतेचा विचार करावा आणि मग उपचारास हात घालावा, हा या वैद्यांचा दंडक होता. त्यांची साधनें मात्र डोळा, स्पर्श आणि विचारपूस एवढींच होतीं. पोट फुगून त्यांत पाणी झालें कीं त्यास जलोदर म्हणत; तें पाणी कशामुळें झालें हें शरीराच्या आंत शिरून पाहण्याची सोय नव्हती.

ती सोय प्रथम झाली लंडनमध्यें, तीही एका दुकानदाराच्या लघवीवरून. हाडांच्या असह्य वेदनांनीं तो खंगत होता. १८४५ सालीं त्याच्या डॉक्टरांनीं लघवीचा नमुना हेन्री बेन्स जोन्स या रसायनज्ञ वैद्याकडे पाठविला. ती लघवी तापविली कीं गढूळ होई, उकळली कीं निवळे, आणि थंड झाली कीं पुन्हा गढूळ होई. बेन्स जोन्सनें त्यांतलें विलक्षण प्रथिन शोधून काढलें, आणि अशा इतर रोग्यांतही तें पाहावें असें सुचविलें. रोगी १८४६ च्या पहिल्याच दिवशीं वारला. आज त्या रोगास मज्जेचा कर्करोग म्हणतात, आणि कर्करोगाची पहिली रासायनिक खूण म्हणून त्या प्रथिनाचा उल्लेख होतो. खूण मिळाली, रोग्याला तिचा उपयोग झाला नाहीं.

अंडाशयाच्या कर्करोगाला अशी खूण मिळावयास आणखी सवाशें वर्षांहून अधिक काळ लागला. हा अवयव ओटीपोटांत खोल दडलेला. रोगाचा आरंभ पुष्कळदां अंडाशयांतही नसून शेजारच्या गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकाशीं होतो, असें अलीकडच्या संशोधनानें दिसून आलें आहे. तेथून सुटलेल्या पेशी पोटाच्या अस्तरावर पेरल्यासारख्या पसरतात. लक्षणें तरी किती साधीं ! पोट जड वाटणें, दोन घांसांतच तृप्ति होणें, वारंवार लघवीला जावें लागणें. घरांतील बाई तें पित्तावर किंवा वयावर घालते, आणि कामाला लागते. म्हणूनच बहुतेक स्त्रिया रुग्णालयांत पोंचतात तेव्हां रोग पोटभर झालेला असतो. भारतांतील स्त्रियांच्या कर्करोगांत स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या खालोखाल याचा क्रम लागतो. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणें देशांत त्या वर्षीं सुमारें ४७ हजार स्त्रियांना हा रोग नव्यानें झाला, आणि सुमारें ३३ हजार स्त्रिया त्यानें दगावल्या.

या रोगाची खूण शोधावयाची तर प्रथम त्याच्या पेशी शरीराबाहेर जगवावयास हव्या होत्या. काचेच्या भांड्यांत पेशी वाढविण्याच्या या विद्येशीं महाराष्ट्राचाही जुना संबंध आहे. मुंबईस परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथील प्रयोगशाळांचा पाया डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं घातला. त्यांच्याच मार्गदर्शनाखालीं पुण्याच्या कमल रणदिवे यांनीं १९४९ सालीं मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढें त्या अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेंत शिकल्या. माणसाच्या कर्करोगाच्या पेशी काचेंत अखंड वाढत ठेवण्यांत प्रथम यश मिळविणारे ते हेच गे. परत आल्यावर रणदिवे यांनीं मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रांत पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. १९८२ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें.

याच विद्येच्या बळावर अमेरिकेंत बोस्टन येथें रॉबर्ट बास्ट आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. एका रुग्ण स्त्रीच्या पोटांतील पाण्यांतून निघालेल्या अंडाशय-कर्करोगाच्या पेशी त्यांच्यापाशीं वाढत होत्या. त्या पेशी त्यांनीं उंदरांना टोंचल्या. बाहेरची वस्तु अंगांत शिरली कीं शरीर तिला ओळखणारीं प्रतिपिंडें निर्माण करतें. एकाच पेशीच्या वंशांतून एकाच जातीचें प्रतिपिंड हवें तेवढें काढण्याची युक्ति केंब्रिजच्या कोलर व मिलस्टाईन या दोघांनीं १९७५ सालीं शोधली होती. तिचा उपयोग करून बास्ट यांनीं एकामागून एक प्रतिपिंडें तपासलीं. १२५ व्या क्रमांकाचें प्रतिपिंड कर्करोगाच्या पेशींना अचूक चिकटलें. निरोगी अंडाशयाच्या पेशींना चिकटलें नाहीं. तो शोध १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या पदार्थाला तें चिकटतें त्यास सीए-१२५ हें नांव पडलें. तो पदार्थ म्हणजे शरीराच्या अस्तरांवर बुळबुळीत थर धरणारें एक अवाढव्य प्रथिन होय, हें २००१ सालीं उलगडलें.

१९८३ सालीं याच मंडळींनीं रक्तांतील सीए-१२५ मोजण्याची रीत आणि तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका मिलिलिटरला ३५ एकक ही सीमा धरली. अंडाशयाचा कर्करोग असलेल्या १०१ रुग्णांपैकीं ८३ जणींत प्रमाण तिच्यावर गेलेलें आढळलें. निरोगी माणसांत शंभरांत एखाद्याचेंच वर होतें. त्याच निबंधांत दुसरी एक नोंद होती. ३८ रुग्णांचा माग ठेवला असतां, रोग वाढला कीं आंकडा चढे आणि रोग हटला कीं उतरे, असें ४५ पैकीं ४२ वेळां दिसलें. पहिल्या निष्कर्षानें जगाचें लक्ष वेधलें. खरी योग्यता दुसऱ्याची होती. याला काळही अनुकूल होता. प्लॅटिनम धातूपासून बनविलेलें सिसप्लॅटिन हें औषध अमेरिकेंत १९७८ सालीं मान्य झालें होतें, आणि या रोगावर तें प्रभावी ठरत होतें. औषध गुण देत आहे कीं नाहीं हें पोट पुन्हा न उघडतां सांगणारा साक्षीदार डॉक्टरांना हवा होता, आणि तो मिळाला.

परंतु साक्षीदार कितीही बोलका असला तरी त्याची उलटतपासणी करावी लागते. सीए-१२५ हें कर्करोगाचें स्वतःचें प्रथिन नव्हे. पोटाचें अस्तर ज्या ज्या कारणानें चाळवलें जातें, त्या त्या वेळीं तें वाढतें. मासिक पाळींत वाढतें, गर्भारपणाच्या आरंभीं वाढतें, यकृताच्या विकारांतही वाढतें. आपल्या देशांत तर आणखी एक मोठा फसवा आहे. तो म्हणजे पोटाचा क्षय. पोटांत पाणी, वजन घटलेलें, अंडाशयापाशीं गांठीसारखें कांहीं, आणि सीए-१२५ शेंकड्यांनीं चढलेलें, असें सर्व चित्र कर्करोगाचें भासावें, आणि तुकडा काढून तपासल्यावर क्षय निघावा, असें कित्येकदां घडलें आहे. क्षय औषधानें बरा होतो. उलटपक्षीं, अंडाशयाच्या कर्करोगाच्या आरंभींच्या अवस्थेंत सुमारें निम्म्या स्त्रियांत हें प्रथिन वाढलेलें नसतें. म्हणजे नुसता आंकडा पाहून ना रडावें, ना निर्धास्त व्हावें.

याउपर आंकड्याचा मोह दुर्निवार होता. २००२ सालीं अमेरिकेंत एका थेंबभर रक्तद्रवांतील शेंकडों प्रथिनांचा आलेख यंत्रानें काढून ५० पैकीं ५० कर्करोग ओळखल्याचा निबंध प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांनीं तो डोक्यावर घेतला, आणि चाचणी बाजारांत आणण्याची तयारी झाली. पुढें टेक्सासमधील कीथ बॅगर्ली व त्यांच्या सांख्यिकी सहकाऱ्यांनीं तीच आंकडेवारी पुन्हा तपासली. तेव्हां त्या आलेखांतील भेद रोगाचे नसून नमुने हाताळण्यांतले व यंत्रांतले असावेत, असें दिसून आलें. चाचणी बाजारांत आली नाहीं.

दुसरा धडा अधिक खोल होता. उपचारानें रोग हटलेल्या स्त्रियांचें सीए-१२५ दर तीन महिन्यांनीं मोजण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली होती. रोग उलटण्याआधीं कित्येक महिने आंकडा चढूं लागतो. तो चढतांच औषध सुरू केलें, तर आयुष्य वाढेल, हें इतकें उघड वाटे कीं तें सिद्ध करण्याची गरजच कोणाला भासेना. ब्रिटनमधील गॉर्डन रस्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें सिद्ध करावयाचें ठरविलें. १,४४२ स्त्रिया या परीक्षेंत आल्या. आंकडा सीमेच्या दुप्पट झाला अशा ५२९ जणींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला लगेच औषध दिलें. दुसऱ्या गटाला लक्षणें दिसूं लागल्यावर. पहिल्या गटाचा उपचार जवळजवळ पांच महिने आधीं सुरू झाला. २०१० सालीं निकाल जाहीर झाला. त्या क्षणापासूनचें मध्यम आयुष्य पहिल्या गटांत २५.७ महिने, तर दुसऱ्यांत २७.१ महिने. लवकर कळल्यानें आयुष्य वाढलें नव्हतें. औषधाचा त्रास आणि काळजी मात्र लवकर सुरू झाली होती. त्या काळच्या औषधांपुरता तरी हा निकाल स्पष्ट होता : भविष्य कळलें, पण तें बदलतां आलें नाहीं.

तिसरी परीक्षा सर्वांत मोठी. निरोगी दिसणाऱ्या स्त्रियांची दरवर्षीं चाळणी केली, तर मृत्यु टळतील काय ? उषा मेनन आणि इयान जेकब्स यांच्या नेतृत्वाखालीं ब्रिटनमध्यें २००१ ते २००५ या काळांत पाळी गेलेल्या २,०२,६३८ स्त्रिया निवडल्या. कांहींचें सीए-१२५ दरवर्षीं मोजलें, कांहींची सोनोग्राफी केली, आणि निम्म्यांची कोणतीच चाळणी केली नाहीं. एका आंकड्यावर न विसंबतां प्रत्येकीच्या आंकड्याची चढउतार वर्षानुवर्षें पाहण्याची कुशल रीत वापरली. २०२१ सालीं अखेरचा निकाल लागला : चाळणी केलेल्या गटांत कांहीं रोग आधीं सांपडले, परंतु मृत्यूंचें प्रमाण तिन्ही गटांत सारखेंच राहिलें.

या निकालाशेजारीं किल्लारीच्या शेजारची एक गोष्ट ठेवून पाहावी. लातूर हा जिल्हा १९८२ सालीं उस्मानाबादेंतून वेगळा निघाला, आणि भूकंपानें दोन्ही जिल्ह्यांना सारखेंच रडविलें. उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, पश्चिमेस सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. डॉ. भगवान नेने यांच्या पुढाकारानें तेथें १९८७ सालीं भारतांतील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गांवें तिच्या कक्षेंत आलीं. गांवोगांव हिंडून कोणाला कोठला कर्करोग झाला आणि पुढें काय झालें, हें लिहून ठेवण्याचें तें काम होतें. या कामाच्या अनुभवावर, टाटा रुग्णालय आणि ल्यों येथील आंतरराष्ट्रीय संस्था यांच्या सहकार्यानें, उस्मानाबाद जिल्ह्यांत १९९९ पासून एक विशाल प्रयोग झाला. ५२ ग्रामसमूहांतील तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यांत होत्या. रोग मात्र वेगळा, गर्भाशयमुखाचा. एका गटाची त्या रोगास कारण होणाऱ्या विषाणूसाठीं एकदांच तपासणी केली. २००९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला : त्या गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें ३४ मृत्यु झाले, तर तपासणी न झालेल्या गटांत ६४. आयुष्यांत एकदां केलेल्या चाचणीनें मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. तुलनेच्या गटाला चाचणीविना ठेवण्यावर पुढें नैतिक आक्षेप घेतले गेले. ते विसरण्याजोगे नाहींत. त्या चौसष्ट स्त्रिया केवळ आंकडा नव्हत्या.

लंडनच्या श्रीमंत योजनेला जें साधलें नाहीं, तें मराठवाड्याच्या खेड्यांत साधलें, याचें कारण चाचणीच्या हुशारींत नाहीं. तें रोगाच्या चालींत आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग वर्षानुवर्षें पूर्वावस्थेंत थांबतो, डोळ्यांना दिसतो, आणि थोडक्या उपचारानें तेव्हांच खुडून टाकतां येतो. तेथें खूण, अर्थ आणि कृति या तिन्ही पायऱ्या जागच्या जागीं आहेत. अंडाशयाच्या रोगांत तिसरी पायरी ढासळलेली आहे. पहिल्या दोन कितीही घांसूनपुसून लख्ख केल्या तरी चढणारा माणूस वर पोंचत नाहीं.

मग सीए-१२५ निरुपयोगी काय ? मुळींच नाहीं. त्याचें खरें स्थान साध्यासाध्यविचारांत आहे, आणि तेथें अलीकडे नवी प्रगति झाली आहे. ल्यों येथील बेन्वा यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं औषधयोजनेच्या पहिल्या शंभर दिवसांत हें प्रथिन रक्तांतून किती वेगानें नाहींसें होतें, यावरून रोग औषधाला किती दाद देत आहे हें कळतें. त्यासाठीं निदान तीन मोजण्या पुरतात. वेग चांगला असेल तर पुढील शस्त्रक्रिया पूर्ण होण्याची आणि रोग दूर राहण्याची आशा अधिक. वेग मंद असेल तर उपचाराची दिशा वेळींच बदलण्याचा विचार करतां येतो. येथें भविष्याबरोबर कृतीही आहे. एचई-४ हें दुसरें प्रथिनही माग ठेवण्यास उपयोगी पडतें. आणि आंकडा शून्यवत् होऊनही रोग कां उलटतो, या कोड्याचा एक धागा पुण्यास सांपडला आहे. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांतील डॉ. शर्मिला बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालीं एका रुग्ण स्त्रीच्या पोटांतील पाण्यांतूनच अशा पेशी वेगळ्या काढल्या, ज्यांच्यांत मूळ पेशीसारखे गुण होते आणि ज्या नव्यानें गांठ उभी करूं शकत होत्या.

भूकंप अमक्या दिवशीं होईल, असें किल्लारीच्या माणसाला आजही कोणी सांगूं शकत नाहीं. परंतु घर कसें बांधावें, हें सांगतां येतें. भूकंपापूर्वीं अत्यल्प धोक्याचा मानलेला हा प्रदेश २००२ च्या नकाशांत वरच्या वर्गांत घातला गेला. या रोगाचेंही तसेंच आहे. निरोगी स्त्रीचें भविष्य रक्ताच्या थेंबांत वाचतां येत नाहीं. परंतु महिनाभर पोट फुगत असेल, भूक मंदावली असेल, तर त्या बाईला पित्ताच्या गोळीवर न ठेवतां तपासणीस न्यावें. आई, मावशी, बहीण यांपैकीं कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असल्यास तें डॉक्टरांस आवर्जून सांगावें. कारण १९९४ आणि १९९५ सालीं सांपडलेल्या बीआरसीए या दोन जनुकांतील दोष घराण्यांतून उतरतो, आणि तो ठाऊक असल्यास रोग होण्यापूर्वींच शस्त्रक्रियेनें धोका पुष्कळ कमी करतां येतो. शस्त्रक्रिया या रोगाच्या अनुभवी शल्यविशारदाकडूनच व्हावी. आणि हातीं सीए-१२५ चा कागद आल्यावर पहिला प्रश्न “आंकडा किती ?” हा न विचारतां “या आंकड्यानें आतां करावयाचें काय बदलतें ?” हा विचारावा.

सुश्रुताचें पडूं पाहणारें घर आजही उभें आहे. टेकू कोठें द्यावा हें सांगण्यापुरता रक्तांतला साक्षीदार विश्वासार्ह आहे. टेकू देण्याचें काम माणसांचेंच आहे.